विचारायचं न्हाय!

युरोपात कुणी पुस्तक लिहावं आणि हिंडलग्यात आमच्या साडूंच्या घरचे पोहे संपावेत, एवढा थेट परिणाम जगात दुसऱ्या कुठल्या तत्त्वज्ञानाचा झाला नसेल. साडू कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर तिकडच्या एका हयात तत्त्ववेत्त्याचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि माझी मेहुणी, म्हणजे आक्का, कायमची स्वयंपाकघरात गेली. "दारात आलेल्याला कोण, कुठला, कशाला असं विचारलंस की तो पाहुणा उरत न्हाय रं, आरोपी होतोय," हे साडूंनी इतक्यांदा ऐकवलं की मीही बाटलो. कॅम्पातल्या माझ्या घरी आलेल्या एका अनोळखी गृहस्थाला मी काहीएक न विचारता आत घेतलं. तो गेला तेव्हा भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र होतं आणि बायको माझ्याशी बोलत नव्हती. साडूंकडे तर विजेचं मीटर बघायला आलेला माणूस थालीपीठ खाऊन, मीटर न बघताच गेला. "माणूस म्हणून आला, माणूस म्हणून गेला!" साडू खूश. "आणि बिल काय म्हणून येतंय बघूया आता," आतून आक्का.

त्यांच्या मुलीला बघायला निपाणीची मंडळी यायची होती त्या दिवशी मात्र आक्कानं बजावलं होतं, "आज तेवढं ते पुस्तक कपाटात ठेवा. लई चांगलं स्थळ हाय." ठरल्या वेळेच्या जरा आधीच फाटकात एक नवरा-बायको आणि तरणा मुलगा उभे राहिले. साडूंनी हात जोडून तिघांना आत आणलं. नवऱ्या मुलाचा फोटो मी पाहिला होता, पण त्यात गॉगलच जास्त होता. विचारायची बंदी, म्हणून मी बोलत सुटलो. मुलीचा स्वयंपाक, मुलीचं भरतकाम (तिनं आयुष्यात सुई धरलेली नाही), सगळं सांगितलं. मुलगा मान डोलवत पोहे खात होता. पोरगी चहाचा ट्रे घेऊन आली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि ओठ दाबून आत गेली. मी म्हटलं, लाजली.

तेवढ्यात फाटकाशी मोटार थांबली. निपाणीची खरी मंडळी! त्यातल्या, मुलाच्या मामांनी खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "हे कोण म्हणायचे?"

"पाहुणे," साडू म्हणाले.

"कुठले?"

साडूंनी मामांना बसवून हातात चहा दिला. ती बाईच पदर सावरत उठली. "आमचा थोरला हितं जेलात हाय, सायेब. भेटाय आलताव. वाईच पाणी मागावं म्हटलं, तर ह्यांनी बसवूनच घेतलं."

मामांनी चहा अर्धाच ठेवला. "आमच्याकडं घरात कोण बसतंय ते बघून बसवत्यात," एवढं म्हणून ते उठले आणि त्यांच्यामागं बाकीचे. नवरा मुलगा सगळ्यात शेवटी, पण तोही उठला. आक्का दारात तशीच उभी.

"आमच्यामुळं पोरीचं मोडलं व्हय हो?" बाईनं विचारलं.

मला वाटलं, आता साडू पुस्तकातलं पान सांगणार. पण त्यांनी स्कूटरची किल्ली काढली. "न्हाय ताई," ते म्हणाले, "त्यांना घाई होती. चला, भेटीची वेळ संपंल तुमची." आणि तिला स्कूटरवर मागं बसवून निघाले, बाप-लेक मागून चालत.

पोरगी पायरीवर येऊन बसली. "तुला कळलं होतं ना गं, हे ते न्हाईत म्हणून?" मी विचारलं.

"बघताक्षणी. पण काका, किती भुकेले होते हो ते. कसं उठवायचं?" मग म्हणाली, "फोटोत चांगला वाटला होता तो."

स्कूटर वळणाआड गेली तरी आम्ही दोघं रस्त्याकडंच बघत होतो.