भोंगा बंद करायचा की नाही

दारव्ह्यात निजामुद्दीनला सगळे भोंगेवालाच म्हणत. लग्न, उरूस, निवडणुकीची सभा, काहीही असलं की त्याची आवाज वाढवायची पेटी, दोन कर्णे आणि मोटारची जड बॅटरी एका छकड्यावर चढायची. एरवी तो घरच्या ओसरीत बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करी. बोलणं कमी, आणि कोणावर विश्वास त्याहून कमी.

त्याला कारण होतं. एकोणसाठ सालच्या एका जत्रेत कोणीतरी त्याच्या हातात चिठ्ठी कोंबली आणि त्यानं ती तशीच माइकवर वाचली. देवसिंग नाईक वारले, तांड्याच्या लोकांनी ताबडतोब परतावं. माणसं ऊर बडवत तांड्यावर पोचली, तर नाईक बाजेवर बसून भाकर खात होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी निजामुद्दीनच्या ओसरीत येऊन पायातला जोडा काढला. तेव्हापासून तो म्हणे, "चिठ्ठी तं कोणी बी लिहिते. मी माह्या कानानं ऐकीन, तवाच बोलीन."

मी तेव्हा गावात मास्तर होतो. चौसष्टच्या मे महिन्यात दोन कोसांवरच्या एका वस्तीला आग लागली आणि बौद्धांची सत्तावीस घरं जळाली. मृग जेमतेम दहा-बारा दिवसांवर होता. आम्ही मदत समिती काढली, मी तिचा चिटणीस झालो. ठरलं असं की बुधवारी कापसाच्या एका बंद जिनाच्या शेडमध्ये सकाळपासून दिवस मावळेपर्यंत खंजिरी भजनं, दंडार, कव्वाली अखंड चालू ठेवायची. लोकांनी ऐकायला यावं आणि ज्वारी, बांबू, पत्रे, लुगडी, असेल ते आणून ठेवावं. जो देईल त्याचं नाव लगेच भोंग्यावर पुकारायचं. निजामुद्दीननं या कामाचं भाडं नको म्हटलं, तेव्हा माझ्याच मनात आलं, हा फुकट कायले करून राह्यला?

खोटं कशाला सांगू, त्या शेडमध्ये कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता. वस्तीतली कांताबाई सकाळपासून सामानाच्या ढिगाजवळ मांडी घालून बसली होती. तिचं स्वतःचं घर जळलं होतं. मी म्हटलं, "बाई, आम्ही आहोत ना राखायला." ती म्हणाली, "सामान आमचं हाय मास्तर, राखण बी आमचीच."

दुपारपर्यंत शेड गच्च भरली. उन्हानं वरचे पत्रे तडतडत होते, तरी माणूस उठत नव्हता. नाव पुकारलं की टाळ्या पडत, आणि टाळ्या ऐकून पुढचा माणूस द्यायला उठे. तीन वाजता मोठं दान यायचं होतं. लोखंडाचे व्यापारी फुलचंदशेठ यांनी आदल्या दिवशी चार लोकांदेखत चाळीस नवे पत्रे कबूल केले होते. त्यांच्यासाठी हारही आणून ठेवला होता.

अडीचच्या सुमारास फुलचंदशेठ आले. डोक्यावर टोपी नाही, धोतराचा सोगा जमिनीवर लोळतो आहे. ते सरळ निजामुद्दीनच्या पेटीजवळ गेले.

"बंद कर हे," ते म्हणाले. "पंडितजी गेले. दिल्लीहून रेडिओवर सांगून राह्यले."

निजामुद्दीननं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट आली. अर्ध्या तासावर चाळीस पत्रे, आणि आताच बरी ही खबर!

"शेठजी, तुमी सोता ऐकलं?"

"माह्या दुकानात रेडिओ हाय. मी कायले खोटं बोलू?"

"माहा रेडिओ घरी हाय, पन त्याची बॅटरी इथं भोंग्याले लावली," निजामुद्दीन म्हणाला. "मले ऐकाचं तं भोंगा बंद करा लागते. आन एक डाव बंद झाला का ही मानसं उठली. मंग कोन देते?"

"अरे, देशाचा मानूस गेला आन तू दंडार वाजवतं?"

"खबर खोटी निंघाली तं जोडा मले पडते शेठजी, तुमाले नाही."

फुलचंदशेठ तसेच सोगा ओढत निघून गेले. मी निजामुद्दीनला म्हटलं, पोस्टात जाऊन विचारून येतो. तो पुन्हा माइककडे वळला आणि पायलीभर तूर देणाऱ्या बोरी गावच्या एका म्हातारीचं नाव त्यानं पुकारलं.

बाहेर रस्त्यावर दुकानांच्या फळ्या लागत होत्या. फुलचंदशेठचं दुकान अर्धं बंद होतं. आत ते गादीवर बसून लहान पोरासारखे रडत होते. मी पाहिलं आणि तरी मनात म्हटलं, रस्त्यावरून लोक जात असताना दार उघडं ठेवून काहून रडतात? पोस्टापुढे गर्दी होती. बातमी खरी होती.

मी परत आलो तेव्हा दंडारीतल्या सोंगाड्याच्या बोलण्यावर सगळी शेड खदखदून हसत होती. मी निजामुद्दीनच्या कानाशी लागलो. "खरं आहे. पोस्टमास्तर म्हणाले."

"तुमी रेडिओ ऐकला?"

"नाही, पण..."

"मंजे नाही ऐकला." असं म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा उतरला होता. सोंगाड्याची ओळ संपेपर्यंत तो थांबला. मग माइक हातात घेतला आणि हळू आवाजात बातमी सांगितली.

हसणं मधेच तुटलं. बायका तोंडाला पदर लावून रडू लागल्या. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाहीर गाव बंद झालं आन यानं आमाले हसवत ठेवलं! खबर दाबली यानं!" दुसरा म्हणाला, "काहून दाबली ते इचारा त्याले." लोक पेटीकडे सरकले. समितीचे अध्यक्ष घाईघाईनं म्हणाले, "कार्यक्रम संपला. सगळ्यांनी घरी जावं."

तेव्हा कांताबाई ढिगाजवळून उठली.

"गानं बंद करा," ती म्हणाली. "देनं कायले बंद करता? छप्पन सालात आमचे बाबासाहेब गेले. त्या दिवशी आमच्या घरी चूल नाही पेटली, पन लेकराईले शिळी भाकर तरी देल्लीच. आता तुमी रडा, आमी बी रडतो. आभाळ आमच्यासाठी थांबनार नाही."

भोंगा बंद झाला. निजामुद्दीननं बॅटरीची तार काढली आणि दाराशी उभा राहून येणाऱ्याच्या हातातलं सामान घेऊ लागला. काही लोक त्याला टाळून थेट कांताबाईकडे गेले. नाव पुकारणं थांबलं तसं देणंही पातळ झालं. दिवस मावळेपर्यंत सकाळच्या चौथाईइतकंही आलं नाही.

फुलचंदशेठनी निरोप पाठवला, दुखवटा संपल्यावर पत्रे देतो. मृग वेळेवर आला. अकरा घरांवर पळसाचा पाला आणि फाटकी पोती होती. पाऊस दोन दिवस पडून गेला आणि मग पत्र्यांची गाडी वस्तीवर पोचली. पुरे चाळीस, कोरे करकरीत. शेठनी नाव पुकारायला सांगितलं नाही, हारही घेतला नाही. त्यांना द्यायचेच होते, की लोकांच्या बोलण्याला भिऊन दिले, हे मला आजही सांगता येत नाही.

निजामुद्दीनचं मात्र नुकसान झालं. गावात बोललं जाई, त्यानं मुद्दाम खबर दाबली. का दाबली, याचं ज्याला जे सुचेल ते उत्तर. त्या वर्षी लग्नांना यवतमाळहून भोंगे आले. पुढच्या वर्षी पाकिस्तानशी लढाई लागली तेव्हा लोकांनी दुरुस्तीला टाकलेले रेडिओही परत नेले. त्याची बायको खैरुनबी शिवणकाम करू लागली. तो ओसरीत बसून राही. मी समोरून जाताना नमस्कार करायचा, पण त्या दिवशी मीच त्याच्याइतका संशय घेतला होता, हे मी चार लोकांत कधी बोललो नाही.

सहासष्टच्या बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी कांताबाई त्याच्या दारात आली. मी तिथंच होतो.

"भोंगा पाह्यजे," ती म्हणाली. "भाडं घ्या लागंल."

तो आपलाच जुना रेडिओ उघडत राहिला. मग ती म्हणाली, "एक इचारतो निजामभाई. त्या दिवशी तुमाले खबर खरंच खोटी वाटली होती?"

निजामुद्दीननं हातातला पेचकस खाली ठेवला. "शेठचं तोंड पाह्यलं तवाच अर्धी खरी वाटली," तो म्हणाला. "पन पत्रे यायाचे राह्यलते. वाटलं, खोटी असन तं बरं."

कांताबाईनं मान हलवली. मग कार्यक्रम सकाळी किती वाजता आहे ते सांगितलं आणि छकडा वस्तीचाच पाठवते म्हणाली.