उतारावर बंद केलेलं इंजिन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, म्हणजे वेळ मिळाला नाही असंही म्हणता येणार नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षांत मी पारनेर तालुक्यात एका संस्थेची जीप चालवायचो. आंधळी, पायानं अधू अशी मोठी माणसं सकाळी गावागावांतून घ्यायची, केंद्रावर सोडायची, संध्याकाळी परत. केंद्रात ती खुर्च्या विणायची, दोर वळायची, बोलायची. काहींचं तर दिवसभराचं बोलणं तेवढंच. हे मला माहीत होतं — तेव्हाही. ते आधीच सांगून ठेवतो.

शेवटचा थांबा सरूमावशीचा. चाळिशीची, दोन्ही डोळे गेलेली, भावाच्या घरी राहणारी. उतार संपतो तिथं लिंबाखाली काठी घेऊन उभी असायची. वरच्या वळणावरच जीपचा आवाज ओळखायची. मी हात धरून तिला पुढं बसवायचो. "उशीर केलास रं, दत्तू. पोरगी बघाया गेल्तास व्हय?" मग मागची सगळी हसायची.

पुढं मैलभरावर दुष्काळी काम निघालं. तिथले एक साहेब रोज सकाळी तालुक्याला जायचे. एकदा त्यांनी हात केला, तिच्या शेजारी दाटीवाटीनं बसले. उतरताना म्हणाले, "उद्यापासून नीट जागा ठेवा." साहेब शेजारी असले की रस्त्यावरची माणसं नमस्कार करायची. त्यांना करायची, पण हात मीही वर करायचो. पुढं जे केलं, त्याला आणखी काही कारण होतं का? नव्हतं. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वरच्या वळणावर मी इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर सोडून दिली. लिंबाजवळून गेलो, तेव्हा ती वळणाकडं तोंड करून उभी होती. मागं बसलेल्यांत दोघांना दिसत होतं. ती दोघं बोलली नाहीत — त्यांनाही रोज यायचं होतं, आणि गाडी माझ्या हातात होती.

केंद्र सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, सरूमावशी का येत नाही. "त्यांनाच यायचं नाही म्हणतात," मी म्हणालो. खात्री करायला बाई कुणाला पाठवणार? निरोप नेणारा-आणणारा मीच. तिची अर्धी विणलेली खुर्ची त्यांनी महिनाभर कोपऱ्यात ठेवली, मग दुसऱ्याकडून पुरी करून घेतली.

त्याच सुमारास एका सकाळी उताराच्या तळाशी टायर बसला. मी जॅक काढत होतो. ती काठी टेकत आली.

"इंजिन बंद केलं तरी चाकाखाली खडी वाजती, दत्तू," ती म्हणाली. "रोजच वाजती."

मी जॅक गाडीखाली सरकवला.

"आज जागा हाय का?"

जागा होती. साहेब अजून मैलभर पुढं होते.

"उद्या बघू, मावशी."

"बरं," म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कुणी नव्हतं. मला हलकं वाटलं — हेही लिहायलाच हवं ना?

तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली. मग ती सीट रिकामीच जायची. तरी मी लिंबाजवळ थांबलो नाही. थांबून काय सांगणार होतो?

सरूमावशी अजून भावाकडंच आहे. बाईही आहेत, थकल्यात. त्यांच्या लेखी ती आपणहून यायची थांबली. तसं नव्हतं, मीच तिला टाकून जात होतो — हे बाईंना सांगणं बाकी आहे. आणि मावशीला मी 'उद्या' म्हणालो होतो. तेही बाकी आहे.