सात मिनिटांची तपासणी

लॉन्ड्रीत तिला सगळे वकीलबाई म्हणत. शिक्षण जेमतेम आठवी, पण अन्याय दिसला की तोंडाला कुलूप घालणं तिला जमायचंच नाही. मोठमोठ्या इस्पितळांच्या चादरी तिथे धुवायला येत. एकोणीस वर्षं तिने ओल्या चादरींचे पिळे मशीनमधून उपसले. एके दिवशी पिळा अडकला, तिने जोर लावून हिसका दिला आणि उजव्या खांद्यात काहीतरी असं तुटलं की ती मटकन खालीच बसली.

ऑपरेशन झालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालायची तर नवऱ्याने. तो शिंपी. "जन्मभर लोकांचे खांदे मापले आणि उसवला तो घरचाच," असं म्हणून तो तिला हसवायला बघायचा. ती हसायची नाही.

भरपाईच्या दाव्यासाठी विमा कंपनीने तिला एका डॉक्टरकडे पाठवलं. कागदावर लिहिलं होतं, 'त्रयस्थ तपासणी'. त्रयस्थ म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. फी मात्र कंपनीच देणार होती. नवऱ्याला बाहेरच बसवलं. डॉक्टरने हात उचलायला सांगितला, ती कळवळली, त्याने काहीतरी खरडलं. "झालं, या." भिंतीवरच्या घड्याळात जेमतेम सात मिनिटं गेली होती.

अहवाल आला: 'पाऊण तास सखोल तपासणी केली. हात पूर्ण वर जातो. कामास योग्य.' दावा फेटाळला गेला.

"अहो, हे धडधडीत खोटं आहे!"

"अगं, मोठ्यांशी वैर कशाला? आपलं हातावरचं पोट."

"हातच राहिला नाही, आता पोट कशावर?"

डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात तिने कामगार मंडळाकडे तक्रार लिहिली. मग दुसरी, मग तिसरी. हळूहळू कळलं, अशी सात-आठ मिनिटांत उरकलेली माणसं गावभर होती. कुणाची कंबर, कुणाचं मनगट. तिने त्यांना गोळा केलं. अडीच वर्षांनी मंडळाने सुनावणी घेतली. भरल्या सभागृहात ती उभी राहिली आणि हात जिथवर जात होता तिथवर उचलून दाखवला.

नियम झाला. तपासणीला सोबतीचं माणूस आत बसणार, आत-बाहेरची वेळ लिहून कामगाराची सही घेतली जाणार, अहवालाची प्रत त्याला मिळणार. जुन्या दाव्यांचीही फेरतपासणी होणार. मंडळातल्या अधिकारीबाईंनी स्वतः फोन केला, "तुमच्यामुळे झालं हे."

फेरतपासणीचं पत्र आलं. डॉक्टर तोच.

"डॉक्टरांच्या यादीत दुसरं कुणीच नाही का?" तिने विचारलं.

"नवे नियम आले तशी बाकीच्यांनी नावं काढून घेतली," अधिकारीबाई ओशाळून म्हणाल्या.

या वेळी नवरा शेजारी बसला. डॉक्टर अदबीने बोलला, पाणी विचारलं. हात किती अंशांपर्यंत उचलला जातो ते कोनमापक लावून मापलं, दोनदा. पन्नास मिनिटं लागली. तिने वेळ वाचली, सही केली. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "माणूस सुधारला म्हणायचा." तिलाही तसंच वाटलं.

अहवाल अकरा पानी होता. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: 'हात वर जात नाही हे खरे. मात्र सांध्याची झीज वयोमानाने झाली असावी. कामाशी संबंध सिद्ध होत नाही.'

ती तडक मंडळात गेली. अधिकारीबाईंनी अकराही पानं वाचली, वेळेची नोंद पाहिली, सही पाहिली.

"सगळं नियमात बसतंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "नियम तपासणी कशी करायची याचा आहे. डॉक्टरने मत काय द्यायचं, याचा नाही."

वकीलबाई भांडली नाही. अपिलाचा अर्ज त्यांनी पुढे सरकवला, तो तिने घडी करून पिशवीत ठेवला. त्याची मुदत टळून गेली, पण घरात तो विषय कुणी काढलाही नाही.

आता ती नवऱ्याच्या दुकानात डाव्या हाताने बटणं लावते. हळू होतं, पण होतं. परवा लॉन्ड्रीतली एक जण आली, मनगटाला पट्टा बांधलेला, हातात तपासणीचं पत्र.

"वकीलबाई, काय करू?"

"नवऱ्याला सोबत ने. वेळ नीट वाचून मगच सही कर. अहवालाची प्रत माग, ती त्यांना द्यावीच लागते."

"म्हणजे मिळेल ना मला भरपाई?"

वकीलबाईने सुईत दोरा ओवायचा दोनदा प्रयत्न केला.

"तपासणी नीट होईल," ती म्हणाली.