गोजरआत्या आणि सावळी

माझी गोजरआत्या टोकावड्याला राहायची. वडिलांची थोरली बहीण. अडुसष्ट सालच्या भादव्यात ती गेली, तेव्हा सत्तरीच्या पुढे असेल.

लग्न झालं तेव्हा ती अजून परकर नेसायची. नवरा देवराम मुंबईला गोदीत कामाला होता. पहिली काही वर्षं तो शिमग्याला, गणपतीला यायचा. मग यायचा थांबला. तिकडे त्याने दुसरी बाई केली हे साऱ्या गावाला कळलं, आत्याला सगळ्यांत शेवटी. बाबा तिला माहेरी, किन्हवलीला न्यायला गेले तर म्हणाली, "सासू आंधळी हाय. तिला घास कोन भरवील?" सासू मेल्यावरही ती माहेरी आली नाही. पोटी मूल नव्हतं. डोंगराखालची खाचरं एकटी लावायची, एकटी कापायची.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. मी भातकापणीला आत्याकडे गेले होते. दुपारच्या एसटीने एक बाई उतरली आणि विचारत विचारत दारात आली. मोकळं कपाळ, खांद्यावर तापाने फणफणलेली पोर.

"मी सावळी," ती म्हणाली. "ते गेले."

आत्या कुडाला टेकून उभी राहिली. तिच्या कपाळावर अजून कुंकू होतं. तिचा दीर धाकलू अंगणातच होता. तो म्हणाला, "वयनी, हिला घरात घेऊ नको. उद्या शेतात वाटा मागंल."

आत्याने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पदराने कपाळ पुसलं आणि सावळीला विचारलं, "मरताना माझं नाव काढलं त्यानं?"

सावळीने पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "नाय."

"आत ये," आत्या म्हणाली. "पोरीला पेज देते."

पुढे एकदा मी आत्याला विचारलं, कशी गो घेतलीस तिला घरात? ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलली असती, तर नसती घेतली."

सावळी मुंबईत वाढलेली. आवणीच्या वेळी चिखलात पाय रुतले की तिथेच उभी राहायची. तिने लावलेली रोपं पाण्यावर तरंगायची. आत्या मागून शिव्या घालत जायची आणि तीच रोपं पुन्हा रोवायची. दोन-तीन पावसाळ्यांत सावळी तयार झाली; मग शिव्या तिच्या तोंडी आल्या. कुणी सवती म्हटलं तर दोघी मिळून त्याच्या अंगावर जायच्या. पोरीचं नाव तानी. ती आत्याला आई म्हणायची आणि जन्मदातीला सावळी, कारण घरात तिला तशीच हाक ऐकू यायची. सावळीला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

तानी आमच्याच गावात, किन्हवलीत दिली. तोवर आत्याची नजर गेली होती. सावळी तिला हाताला धरून विहिरीवर न्यायची, न्हाऊ घालायची, माशातले काटे काढून द्यायची. या वयात आत्या नव्याने लाडावली होती.

सदुसष्टच्या पावसाळ्यात सावळीला कावीळ झाली. अंगावर काढलं तिने. मुरबाडला दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली, पण गाडी रस्त्याला लागायच्या आतच ती गेली. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला हात लावू देईना. "मी आदी जायाची होते," एवढंच म्हणत राहिली.

मग आम्ही आत्याला किन्हवलीला आणलं. लग्न मोडून मी माहेरीच होते, तिचं सगळं मीच करायचे. काही महिन्यांनी तिची आठवण विस्कटू लागली. सकाळी उठून विचारायची, "वेणू, सावळी शेतावरनं आली का गो?"

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. आत्याने टाहो फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, पुन्हा सांगितलं, पुन्हा तसाच टाहो. तिच्यासाठी सावळी दररोज नव्याने मरत होती. बाबा म्हणाले, "बस कर. नको सांगू तिला."

एक दिवस तानी भेटायला आली आणि दारातूनच म्हणाली, "आई, जेवलीस का?" तिचा आवाज हुबेहूब सावळीचा. आत्याचा चेहरा उजळला. "आलीस व्हय सावळे? किती वाट बघायची मानसानं?"

तानीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "बांध फुटला होता," ती म्हणाली. "लिंपत बसले."

त्या दिवसापासून ती रोज सावळी होऊन आली. आत्या तिला रागवायची, गावच्या गोष्टी विचारायची, आणि हमखास म्हणायची, "आपली तानी बरी हाय ना सासरी? तिला बघावीशी वाटते गो." तानी तिच्या पायाशी बसून सांगायची, "बरी हाय. येनार हाय तुला भेटायला."

शेवटच्या सकाळी आत्याने पाणी मागितलं. तानीने चमच्याने पाजलं. आत्याने तिच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "लय वाळलीस सावळे," आणि तो हात तसाच खाली आला.

अग्नी तानीच्या नवऱ्याने दिला. तानी रडली नाही. कित्येक दिवस ती कुणाशी बोललीच नाही. शेवटी मी तिला धरून बसवलं आणि विचारलं.

"तोंड उघडलं का सावळीच बोलते गो, वेणू," ती हळूच म्हणाली. "मी तानी हाय, येवढं तरी आईला सांगायचं होतं."