लाल औषध

ये गं लेकी, जवळ बस. पाहुण्यासारखी दारात काय उभी राहतीस?

माझा छातीचा कॅन्सर हाडापर्यंत गेला, तेव्हा कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तीन औषधं एकामागोमाग एक देऊन बघायची ठरवली, नव्या उपचाराच्या यादीत माझं नाव घातलं. पहिलं लालभडक. ते दिलं आणि माझी लघवी लाल झाली. ह्यांना वाटलं, रक्तच! डॉक्टरांची गचांडी धरून भिंतीवर आपटलं.

“बायको मारतोस व्हय रं?”

“अहो, औषधाचा रंग आहे तो! यादीतलं हिचं नाव खोडतो आता,” नाकातलं रक्त पुसत डॉक्टर ओरडले.

नाव खोडलं तर मी मेलेच की! ओकत उठले, ह्यांच्या थोबाडीत हाणली आणि डॉक्टरांपुढं हात केला. “उरलेली दोन टोचा.”

टोचली. गाठ निम्मी झाली, पण हाय अजून. निघालीस? लवकर ये गं परत.