लाइट गेल्यावर येणारे

१० जानेवारी २००७, बुधवार. मेथी निवडायला घेतली होती. सहाला लाइट जाणार, म्हणून हात भराभर चालवत होते.

हे मोरिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. छातीत कळ येऊन गेले, त्याला दीड वर्ष झालं होतं. गेले आठ महिने मात्र अंबरनाथच्या आमच्या घरात भारनियमन सुरू झालं, की ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसत. लाइट आली की नसत. आम्ही बौद्ध. आत्मा मानत नाही, श्राद्ध घालत नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. मग हे सांगायचं कोणाला? विहारातल्या बायकांनी मला सरळ डॉक्टरकडे नेलं असतं.

मुलगी बारावीला. मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास करून तिचे डोळे लाल व्हायचे. उद्या उल्हासनगरचा माणूस इन्व्हर्टर बसवायला येणार होता. घरात अंधारच झाला नाही, तर हे येणार कसे?

लाइट गेली. स्टूल करकरलं.

"मेथी जून आहे."

"मग बाजारात तुम्ही जात जा."

ते हसले. मी इन्व्हर्टरचं सांगितलं.

"बॅटरी चांगली घे. स्वस्तातली वर्षात बसते."

"अहो, मी काय विचारतेय?"

"कळलं गं. पण मला तरी कुठे नियम माहीत आहेत? वरून काय सर्क्युलर आलंय?"

"मग नको घेऊ?"

"पोरीचे डोळे बघितलेस?"

आतल्या खोलीतून मुलगी ओरडली, "आई, कोणाशी बोलतेस?"

"मेथीशी. तू वाच."

त्यांनी हात पुढे केला; मी धरला नाही, माझ्या हाताला मेथीची माती होती. आठला लाइट आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस आला.

"भाभी, पूरे घर का कर देता हूँ."

"नको. पोरीच्या खोलीत एक ट्यूब, एक पंखा. किचनला हात लावायचा नाही."

"अंधेरे में खाना बनाओगे?"

"हो."

काम संपेपर्यंत मी तिथून हलले नाही. तो गेल्यावर मुलीच्या खोलीचं दार स्वयंपाकघराच्या बाजूने लावून पाहिलं. खाली बोटभर फट होती. जुनी साडी फाडली, तिची घट्ट गुंडाळी केली आणि फटीत कोंबली.