डोळे फिरवणारा सिंह

आमच्या आउग्सबुर्गात उस्ताद झाल्याशिवाय घड्याळजीला लग्न करता येत नाही, आणि परीक्षेचं घड्याळ केल्याशिवाय उस्ताद होता येत नाही. आमच्या ह्यांचा, मेल्कियोरचा, नंबर लागेपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. घड्याळ करायचं ते आजोबांच्या काळचंच: सोनेरी मनोरा, तासाला डोळे फिरवणारा सिंह, आणि आत रोज पाव तास मागे पडणारी जुनी चक्रं. गावात तोवर लंबकाची घड्याळं आली होती. पण घड्याळजींची पंचायत म्हणाली, नियम म्हणजे नियम!

हे पास झाले, आमचं लग्न झालं आणि मनोरा दुकानात धूळ खात बसला. शेवटी एक कापडवाला आला. "सिंह झकास आहे हो, उस्ताद! आतलं तेवढं सगळं काढा आणि लंबक बसवा."

ह्यांनी स्वतःच्या हातांनी मनोऱ्याचं पोट रिकामं केलं. त्या चक्रांना मला हातसुद्धा लावू दिला नाही.

पुढे हेच परीक्षक झाले. पहिल्याच उमेदवाराने विचारलं, "उस्ताद, लंबक घातला तर चालेल?" हे म्हणाले, "नाही."

घरी मी भडकले. "अहो, जीभ कशी रेटली तुमची? त्याचीही कुणी वाट बघत बसली असेल!"

हे ताटातला कोबी चिवडत होते. म्हणाले, "आता चालेल म्हणू? मग अपोलोनिया, आपण दोघं कशासाठी थांबलो होतो?"

भांडणात मी कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी मात्र मी त्यांना आणखी थोडा कोबी वाढला.